घरातली जुनी हस्तलिखित पोथी विकता येते का?

तुम्ही विचारलंय की अंबाजोगाईच्या वाड्यातली आजोबांची पोथी चुलतभाऊ परदेशातल्या ग्राहकाला विकतोय, हे चालतं का? नाही. १९७२ च्या पुरावशेष (म्हणजे जुन्या, मोलाच्या वस्तूंच्या) कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं, किमान ७५ वर्षं जुनं हस्तलिखित पुरावशेष ठरतं. ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यासाठी तुरुंगवास आहे. पोथी घरात ठेवणं मात्र गुन्हा नाही. वाटणी झाली नसेल, तर एकट्याला ती परस्पर विकण्याचा हक्कही नाही. वकिलामार्फत लेखी हरकत आजच घ्या.

त्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. शेवटचं पान तर आधी! तिथं बहुधा लेखनिकाचं नाव, शक, गाव असतं. पोथी सुटी करून पानं वेगवेगळी विकली, की ही ओळखच पुसली जाते. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. लॅमिनेशन, चिकटपट्टी अजिबात नको. स्वच्छ सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा.

संतकवी दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी तुमच्याच गावात जपली गेली आहे. भावाला ती एकदा दाखवा. पैशांची नड असेल, तर सरकारी संग्रहालयाकडे रीतसर विक्रीबद्दल विचारा.