कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम कसा फॉलो करायचा? मार्चच्या स्पर्धेत आपला संघ कुठवर जाईल याचा अंदाज बांधता येतो का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: तुम्ही अमेरिकेत इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात एमएस करायला आला आहात, आजवर क्रिकेट सोडून काही पाहिलेलं नाही, लॅबमधली पोरं नोव्हेंबरपासून बास्केटबॉलशिवाय बोलत नाहीत आणि मार्चमध्ये त्यांच्या पूलमध्ये (पैजेच्या गटात) ब्रॅकेट, म्हणजे कोणता सामना कोण जिंकेल याचा तक्ता, भरताना तुम्हाला हसं करून घ्यायचं नाही. मी बरीच वर्षं इंडियानात आहे. इथल्या हिवाळ्यात ऑफिसातून बाहेर पडेपर्यंत अंधार झालेला असतो, मग संध्याकाळी करायला दुसरं असतं काय? त्यातून हा नाद लागला.

अंदाज बांधता येतो. पण ‘जिंकतील की नाही’ असा नव्हे, ‘शक्यता किती’ असा. हा फरक अंगवळणी पडला नाही तर दर मार्चमध्ये डोकं फिरतं.

पहिली सवय अशी लावून घ्या की विजय-पराजयाच्या आकड्यावर भाळायचं नाही. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या श्रेणीत, साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. सगळे सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरचे प्रतिस्पर्धी प्रत्येक कॉलेज बरंचसं स्वतःच ठरवतं. मोठी कॉलेजं छोट्या कॉलेजांना चक्क पैसे देऊन आपल्या मैदानावर हरायला बोलावतात. छोट्यांच्या वर्षाच्या बजेटला त्यातून हातभार लागतो, मोठ्यांच्या खात्यात विजय जमा होतात, आणि डिसेंबरअखेर अकरा-एक असलेल्या संघाने खरं काय कमावलंय ते कोणालाच ठाऊक नसतं. याच काळात माउई, बहामा अशा ठिकाणी तटस्थ मैदानावर छोट्या स्पर्धा होतात. त्या मात्र बघाच. तिथे चांगले संघ एकमेकांना भिडतात.

मग बघायचं काय? केन पॉमरॉय नावाचा एक गृहस्थ आहे. मूळचा हवामानतज्ज्ञ, सरकारी हवामान खात्यात नोकरी केलेला. त्याची ‘केनपॉम’ नावाची क्रमवारी आता प्रशिक्षकांपासून पत्रकारांपर्यंत सगळे वापरतात. त्यातली कल्पना सोपी आहे. एका सामन्यात प्रत्येक संघाकडे चेंडू साधारण पासष्ट-सत्तर वेळा येतो. काही संघ सुसाट खेळतात, काही चेंडू हातात ठेवून सावकाश. त्यामुळे नव्वद गुण केले की आक्रमण भारी आणि साठच दिले की बचाव भारी, असं म्हणता येत नाही. म्हणून दर शंभर वेळा चेंडू हातात आल्यावर किती गुण केले आणि किती दिले ते काढायचं आणि प्रतिस्पर्धी किती तगडा होता, सामना कोणाच्या मैदानावर होता, त्याप्रमाणे दुरुस्त करायचं. आपल्या नेट रन रेटचा हा शहाणा भाऊ समजा, फक्त झिम्बाब्वेला धुतलं म्हणून फुगत नाही. या क्रमवारीत आक्रमण आणि बचाव दोन्हीकडे पहिल्या वीस-पंचविसात असलेले संघच बहुतेक वेळा विजेते ठरलेत. अपवाद आहेत. २०१४ मध्ये कनेटिकट सातव्या मानांकनावरून जिंकलं होतं (स्पर्धेचे चार विभाग असतात आणि प्रत्येकात १ ते १६ अशी मानांकनं देतात).

दुसरा भाग निवडीचा. २०११ पासून मार्चची ही बाद पद्धतीची स्पर्धा ६८ संघांची आहे. प्रत्येक कॉन्फरन्सची (हंगामभर आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाची) स्वतःची स्पर्धा होते, तिच्या विजेत्याला थेट प्रवेश मिळतो, उरलेल्या जागा बारा जणांची समिती भरते. २०२५ मध्ये ३१ संघ थेट आले आणि ३७ निवडले गेले. त्या वर्षी एसईसी या एकाच कॉन्फरन्समधून सोळापैकी चौदा संघ आत होते, तो विक्रम. तुमचा पर्ड्यू बिग टेनमध्ये आहे. नाव ‘टेन’, संघ अठरा. विचारू नका.

समितीसमोर प्रत्येक संघाची एक पत्रिका असते. त्यात २०१८-१९ च्या हंगामापासून ‘नेट’ नावाच्या क्रमवारीवरून सामन्यांचे चार गट पाडतात, त्यांना क्वाड्रंट म्हणतात. पहिल्या गटात यायला प्रतिस्पर्धी घरच्या मैदानावर पहिल्या ३० मध्ये असावा लागतो, तटस्थ मैदानावर पहिल्या ५० मध्ये आणि त्याच्या मैदानावर पहिल्या ७५ मध्ये. म्हणजे एखाद्या साठाव्या क्रमांकाच्या संघाला त्यांच्या गावात जाऊन हरवणं हे विसाव्याला घरी हरवण्याच्या पंक्तीला बसतं. हे मला पटतं. पाहुण्या संघाला या खेळात सरासरी तीन गुणांचा तरी तोटा होतो, आणि पर्ड्यूच्या मॅकी अरीनात पेंट क्रूचा, म्हणजे विद्यार्थी समर्थकांचा, गोंगाट कानात घेऊन फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा बिनअडथळ्याचा फेक) टाकणारा पाहुणा खेळाडू बघितलात की तीन कमीच वाटतील. मार्चची स्पर्धा तटस्थ मैदानांवर होते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत आपला संघ बाहेरगावी कसा खेळतो तिकडे लक्ष ठेवा. घरी वीस गुणांनी जिंकणारे आणि बाहेर पाचने हरणारे संघ दरवर्षी निघतात. त्यांच्या मानांकनावर मी भरवसा ठेवत नाही.

आता पर्ड्यूचीच गोष्ट सांगतो, कारण यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

२०२१ मध्ये पर्ड्यू चौथ्या मानांकनावर होतं, पहिल्याच फेरीत तेराव्या मानांकनाच्या नॉर्थ टेक्सासकडून हरलं. २०२२ मध्ये तिसरं मानांकन, आणि शेवटच्या सोळांत सेंट पीटर्सने ६७-६४ ने घरी पाठवलं. सेंट पीटर्स म्हणजे जर्सी सिटीतलं एक छोटंसं कॉलेज. तिथे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी अनेकांना त्या मार्चपर्यंत त्याचा पत्ता नसेल. पंधराव्या मानांकनाचा हा संघ त्या वर्षी केंटकी, मरी स्टेट आणि पर्ड्यूला पाडून शेवटच्या आठांत गेला. असं आधी कोणी केलं नव्हतं. आणि मग २०२३. पर्ड्यूकडे सात फूट चार इंचांचा झॅक ईडी, देशातला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू, बिग टेनचं विजेतेपद आणि बिग टेनची स्पर्धा दोन्ही खिशात, पहिलं मानांकन. समोर फेअरली डिकिन्सन, सोळावं मानांकन, सरासरी उंचीत डिव्हिजन वनमधला सगळ्यात बुटका संघ. त्यांनी स्वतःच्या कॉन्फरन्सची स्पर्धासुद्धा जिंकली नव्हती. जिंकलेल्या मेरिमॅकला नियमामुळे पुढे जाता येत नव्हतं, म्हणून यांना जागा मिळाली. निकाल ६३-५८, पर्ड्यू बाहेर. पहिलं मानांकन सोळाव्याकडून हरण्याची ती इतिहासातली दुसरी वेळ. पहिली २०१८ ची, यूएमबीसीने व्हर्जिनियाला ७४-५४ असं हरवलं ती.

दुसऱ्या दिवशी इकडे सुतक होतं. प्रशिक्षक मॅट पेंटर मार्चमध्ये जिंकूच शकत नाहीत, उंच खेळाडूवर उभा केलेला संघ आता कालबाह्य झाला, वगैरे वगैरे. मला त्यातलं फार थोडं पटलं. सामन्याचा तक्ता नीट वाचला तर दोन गोष्टी दिसतात: पर्ड्यूचे २६ पैकी ५ च थ्री-पॉइंटर (लांबून टाकलेले तीन गुणांचे फेक) पडले आणि सोळा वेळा चेंडू गमावला. पहिल्यात नशिबाचा वाटा मोठा असतो. दुसरी गोष्ट मात्र अचानक उगवलेली नव्हती. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर हे दोघे गार्ड (चेंडू पुढे नेणारे खेळाडू) तेव्हा पहिल्या वर्षाचे. फेब्रुवारीत संघ चार सामने हरला होता आणि अंगावर धावून येणारा बचाव समोर आला की गडबडतो हे दिसू लागलं होतं. म्हणून फेअरली डिकिन्सन हरवेल असं कोणी म्हणावं का? अजिबात नाही. पण विजेते म्हणून पर्ड्यूचं नाव लिहिताना हात थोडा थांबायला हवा होता.

पुढच्या वर्षी पेंटर तेच प्रशिक्षक, ईडी तोच, गार्ड तेच पण एका वर्षाने जुने, आणि सदर्न इलिनॉयमधून बदलून आलेला लान्स जोन्स हा चपळ, अनुभवी गडी जोडीला. थ्री-पॉइंटरचं प्रमाण बत्तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चाळिशीला गेलं. संघ थेट अंतिम फेरीत पोहोचला, १९६९ नंतर पहिल्यांदा. टेनेसीविरुद्ध ईडीने एकट्याने ४० गुण केले. अंतिम सामन्यात कनेटिकटने ७५-६० ने हरवलं, तो संघ खरोखरच वरचढ होता. सांगायचं असं की ‘मार्चमध्ये कच खाणारा संघ’ हे बिरूद पोरं कॉलेज सोडून जातात त्यांच्याबरोबर जातं. आता तर ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे खेळाडूंना कॉलेज बदलता येतं त्या सोयीमुळे, अर्धा संघ दरवर्षी बदलतो, मागच्या पाच वर्षांचा इतिहास घेऊन बसण्यात अर्थ नाही.

थोडं गणित, इंजिनिअर आहात म्हणून. समजा एखादा संघ इतका भारी आहे की कोणाविरुद्धही जिंकण्याची शक्यता ८० टक्के. विजेतेपदासाठी सलग सहा सामने जिंकायचे. ०.८ चा सहावा घात करा: जेमतेम २६ टक्के. आणि प्रत्यक्षात समोरचे संघ वरचेवर तगडे होत जातात, म्हणून ‘सर्वात प्रबळ दावेदार’ म्हटलेला संघसुद्धा बहुतेक वेळा जिंकत नाही. यात अंदाज चुकला असं काही नसतं. हवामान खात्याने २० टक्के पाऊस सांगितला आणि तुम्ही भिजलात, तर खात्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. पूर्ण बरोबर ब्रॅकेटचा तर नाद सोडा. सुरुवातीचे चार पात्रता सामने सोडून उरलेले ६३ सामने नाणं उडवून भरले तर शक्यता दोनच्या त्रेसष्टाव्या घातात एक.

कोणत्या आकड्यांवर विसंबू नये, हेही सांगतो. चुरशीचे सामने जिंकण्याची ‘सवय’ असलेला संघ असा काही प्रकार मला आकड्यांत सापडलेला नाही. दोन-तीन गुणांनी दहा सामने जिंकलेला संघ बहुधा नशीबवान असतो. केनपॉममध्ये नशिबाचा चक्क वेगळा रकाना आहे. प्रतिस्पर्ध्यांचे थ्री-पॉइंटर चुकताहेत म्हणून बचाव भक्कम, हेही तितकंसं खरं नाही. टाकू किती दिले हे संघाच्या हातात असतं, पडले किती हे फारसं नसतं. उलट चेंडू न गमावणं, आक्रमक रिबाउंड (आपलाच चुकलेला चेंडू परत मिळवणं), फ्री थ्रोच्या रेषेवर वारंवार जाणं, या गोष्टी टिकाऊ असतात. आणि कॉन्फरन्स स्पर्धेत शेवटच्या आठवड्यात तापलेला संघ? साधारणपणे मी त्याच्यामागे धावत नाही. २०२४ मध्ये एनसी (नॉर्थ कॅरोलिना) स्टेटने पाच दिवसांत पाच सामने जिंकून प्रवेश मिळवला आणि अकराव्या मानांकनावरून शेवटच्या चारांत गेले, तेव्हा त्यांच्या रॅली शहरातला माझा मित्र मला आठवडाभर मेसेज करत होता. करू दे. त्यांना तिथे अडवलं पर्ड्यूनेच, ६३-५०.

आता तुमचं ब्रॅकेट. लॅबचा पूल ईएसपीएनवर असेल तर गुण १०, २०, ४०, ८०, १६०, ३२० असे वाढत जातात. म्हणजे विजेता बरोबर सांगणं हे पहिल्या फेरीतल्या बत्तीस सामन्यांच्या तोडीचं. तरी लोक आपली सगळी बुद्धी पहिल्या फेरीतले धक्के शोधण्यात घालवतात. पाचव्या विरुद्ध बाराव्या मानांकनाच्या सामन्यांत साधारण तीनातला एक बारावा जिंकतो, तेव्हा चारपैकी एखादा निवडा आणि पुढे सरका. आठ विरुद्ध नऊ म्हणजे छापा-काटा. पंधरावं आणि सोळावं मानांकन कधीही लिहू नका, कितीही मोह झाला तरी. विजेता पहिल्या दोन-तीन मानांकनांतून घ्या; आठव्याच्या खालून आजवर कोणी जिंकलेलं नाही, आणि आठवंही एकदाच, १९८५ चं विलानोव्हा. २०२५ मध्ये तर चारही पहिली मानांकनं शेवटच्या चारांत होती आणि फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ ने हरवून करंडक नेला.

पूल दहा-बारा जणांचा असेल तर सगळ्यात भक्कम संघ लिहिणं पुरतं. शंभर जणांचा असेल तर सगळ्यांनी लिहिलेलाच विजेता लिहून तुम्ही वर येणार नाही. तेव्हा केनपॉममध्ये तिसरा-चौथा असलेला पण कमी लोकांनी निवडलेला संघ शोधा. आणि हो, वेस्ट लाफियेटमधल्या पूलमध्ये निम्मे जण पर्ड्यूच लिहिणार. प्रेमापोटी लिहायचं असेल तर लिहा, मीही कधीकधी लिहितो, पण मग ते पैसे गेले समजायचे.

रविवारी संध्याकाळी ब्रॅकेट जाहीर होतं, गुरुवारी दुपारी भरायची मुदत संपते. मधल्या दिवसांत तज्ज्ञांच्या चर्चा ऐकण्यापेक्षा दुखापतीच्या बातम्या बघा. २०१८ च्या त्या सामन्याआधी व्हर्जिनियाचा डिआंड्रे हंटर मनगट मोडून बाहेर बसला होता, आणि बातमी आलेली असूनही बहुतेकांनी तिकडे काणाडोळा केला. आणि गुरुवार-शुक्रवारी तुमच्या प्राध्यापकांना भेटीची वेळ मागू नका. मिळणार नाही, आणि मिळाली तरी त्यांचं अर्धं लक्ष फोनवरच्या स्कोअरमध्ये असेल.