प्राण्यांच्या आणि झाडांच्या वळणदार आकारांसाठी 'वाकडा' सोडून मराठीत कोणते शब्द आहेत?

निरीक्षणवहीत चोच, शिंग, शेंग, वेल सगळ्यांपुढे 'वाकडी' एवढंच लिहिलं जातंय, असं तुम्ही म्हणताय. शब्द भरपूर आहेत. आधी एवढंच बघायचं, की ती गोष्ट नुसती वाकलीय, गुंडाळलीय की पिळलीय.

नुसती वाकली असेल तर बाक. पोपटाची चोच बाकदार. मुळा-मुठेच्या काठी चिखलात चोच खुपसत फिरणाऱ्या शराटीचीही बाकदारच, पण लांबलचक आणि हळूहळू खाली झुकत गेलेली. तेवढं वहीत यायलाच हवं. टोकाशीच एकदम वळण असेल तर आकडा. वाघनखीच्या वाळलेल्या काळ्या फळाला असे दोन टोकदार आकडे असतात. जनावरांच्या केसांत नाहीतर आपल्या कपड्यांत अडकून ते फुकटात प्रवास करतं.

गुंडाळलेलं ते वेटोळं. साप चालतो नागमोडी, बसतो वेटोळं घालून. पावसाळ्यात टेकडीवर दिसणाऱ्या 'पैसा' किड्याला काडी लावून बघा, लगेच चपटं वेटोळं करतो.

पीळ मात्र वेगळा. सिंहगडाच्या बाजूला गेलात तर मुरुडशेंग शोधा. पाच बारीक शेंगा एकमेकींना मळसूत्रासारख्या पिळून बसलेल्या असतात. काळविटाच्या नराची शिंगंही पिळदार, कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात निवांत बघता येतील.

माझा सगळ्यात लाडका नमुना म्हणजे कारल्याच्या वेलीचा तणावा, म्हणजे तो आधार शोधणारा हिरवा धागा. टोक तारेला धरून बसलं की मधला भाग आकसून स्प्रिंगसारखा होतो. नीट बघा: अर्धे फेरे एका दिशेला, मध्ये थोडा सरळ तुकडा, आणि पुढचे फेरे बरोबर उलटे. दोन्ही टोकं बांधलेली असताना एकाच दिशेला पीळ चढवत जाणं शक्यच नसतं, म्हणून ही उलटापालट. हे 'वळलेला धागा' म्हणून उरकू नका, चित्र काढा आणि दोन्ही दिशांना बाण दाखवा.

पाठीवरचे उंचवटे राहिले. बैलाचं ते वशिंड, उंटाची मदार. कुबड माणसाला येतं, बैलाला नाही. आणि 'वक्राकार' शक्यतो टाळाच, त्यातून कुठे आणि किती वळलंय ते काहीच कळत नाही.