‘तपासलं की पिशवी काढतात ना?’

बीड जिल्ह्यातील एका शासकीय रुग्णालयात समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, बाई खुर्चीवर टेकण्याआधीच तो मला तिच्या चेहऱ्यावर दिसतो. ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांनी कर्करोगासाठी दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाची, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाची, तपासणी करून घ्यावी, असे सरकारी धोरण आहे. तपासणी मोफत असते, आशाताई घरोघरी जाऊन सांगतात, तरीही बायका येत नाहीत, आणि त्याचे खापर लाज व अज्ञान यांवर फोडून आपण मोकळे होतो. आमच्या भागातली भीती मात्र डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टींतून आलेली आहे. २०१९ मध्ये या जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक.

पोळा होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा चौतिशीतल्या एक ताई सासूबाईंना घेऊन आल्या. दसऱ्यानंतर त्यांची ऊसतोडीची टोळी निघणार होती आणि मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसेही घेऊन झाले होते. “अंगावरून पांढरं जातंय, गोळ्या द्या. तपासणी नको,” असे त्यांनी आधीच बजावले. त्यांच्या जावेला अठ्ठाविसाव्या वर्षी शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेले होते. तिथे सोनोग्राफी झाली, “पिशवी खराब झालीय, पुढं कॅन्सर होईल” असे सांगण्यात आले आणि तिसऱ्या दिवशी ऑपरेशन उरकले. त्यासाठी काढलेली उचल फेडण्यात दोन हंगाम गेले, आणि आता तिला मोळी डोक्यावर घेववत नाही.

मी त्यांना म्हटले, “ताई, जावेची ही तपासणी झालीच नव्हती.” सोनोग्राफीत गर्भाशयाचा आकार किंवा गाठी दिसतात, पण गर्भाशयमुखावर कर्करोगाआधी जे बारीक बदल होतात, ते त्यात दिसत नाहीत. ते पाहण्यासाठी पिशवीचे तोंडच नजरेखाली घालावे लागते. समजवायला माझ्याकडे तक्ता आहे, परंतु तेवढ्यात सासूबाईंनी पान लावण्यासाठी चंची, म्हणजे नाडीची कापडी पिशवी, सोडली, तेव्हा ती मागून घेऊन मी तिची नाडी ओढली आणि चुण्या पडलेले तोंड दाखवले. “आपण एवढंच बघणार. आत हात घालणार नाही, काही कापणार नाही.” सासूबाई म्हणाल्या, “तोंड मळलं म्हून चंची कोण फेकतंय!” पुढच्या अनेक बायकांना मी हेच वाक्य ऐकवले आहे.

तपासणी सिस्टरनी केली. गर्भाशयमुखावर ॲसेटिक ॲसिडचे सौम्य द्रावण, म्हणजे व्हिनेगरच्याच जातीचे, कापसाने लावतात आणि मिनिटभर थांबतात. बदललेल्या पेशी असतील तर तेवढी जागा पांढरी दिसते. ताईंच्या बाबतीत ती दिसली, आणि इथे माझी चूक झाली. मी सवयीने “पॉझिटिव्ह आलंय” असे म्हणून बसले. आमच्याकडे ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाला एचआयव्ही हा एकच अर्थ आहे. ताई उठून उभ्या राहिल्या आणि पदर सावरत थेट दाराकडे गेल्या. त्यांना परत खुर्चीवर आणायला अर्धा तास लागला. तेव्हापासून मी तो शब्द वापरत नाही. “पांढरा डाग दिसतोय, आणि असा प्रत्येक डाग कॅन्सर नसतो,” असे सांगते.

हा बदल बहुधा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, आणि विषाणू टिकून राहिला तर त्यापासून कर्करोग होण्यास सहसा दहा-पंधरा वर्षे लागतात. या काळात डाग पकडला तर उपचार अगदी छोटा असतो: तापवलेल्या टोकाच्या हातात धरण्याजोग्या यंत्राने तेवढाच भाग जाळतात. बाईला पोटात कळ आल्यासारखे वाटते, पण काही मिनिटांत ती उठून बसते. मात्र डाग पूर्ण दिसत नसेल, आतल्या नळीत शिरलेला असेल किंवा कर्करोगाचा संशय असेल, तर तुकडा काढून तपासावा लागतो. ताईंचा डाग लहान होता, डॉक्टर त्या दिवशी हजर होत्या आणि उपचार लगेच झाला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण “उद्या या” म्हटले की आमची निम्मी माणसे हातची जातात. कामाचा एक दिवस बुडणे, म्हणजे एक खाडा, काय असतो, हे ऊसतोड बाईला सांगावे लागत नाही.

सासूबाईंनी विचारले, “आन् खरंच कॅन्सर निघाला असता तर?” प्रश्न रास्त होता. रोग लवकर सापडला तर मोठी शस्त्रक्रिया पुरते. पसरला असेल तर किरणोपचार आणि सोबत केमोथेरपी द्यावी लागते, त्यासाठी बार्शी किंवा मुंबई गाठावी लागते आणि पाच-सहा आठवडे तिथेच काढावे लागतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचाराचा खर्च बसतो. सोबतच्या माणसाचे जेवण आणि बुडालेली मजुरी बसत नाही, हेही मी सांगते. शिवाय, मुखाची तपासणी न करताच पिशवी काढली आणि आत कर्करोग लपलेला निघाला, तर साधे ऑपरेशन अपुरे पडते आणि पुढचे उपचार अधिक अवघड होतात. कॅन्सरच्या भीतीने घाईघाईत पिशवी काढू नये, याचे हे माझ्या मते सर्वांत मोठे कारण आहे.

चार आठवडे नवराबायकोने जवळीक टाळायची होती, म्हणून नवऱ्यालाही बोलावले. त्यांनी मान खाली घालून विचारले, “हे माझ्यामुळं झालं का तिच्यामुळं?” लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू कधी ना कधी होतो आणि बहुतेकांचा तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, त्यामुळे तो कोणाकडून आला हे शोधता येत नाही आणि त्यावरून कोणाची चालही ठरत नाही, एवढेच मी सांगितले.

आमच्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये जगापुढे आले. ती चाचणी आमच्या या नजरेने करायच्या तपासणीपेक्षा अधिक खात्रीची आहे, पण ज्या मातीत ती सिद्ध झाली, तिथल्या बायकांना ती अजून सहज मिळत नाही, याची मला खंत वाटते.

वर्षाने पुन्हा तपासणी हवी होती. कार्डावर तारीख न घालता मी ‘पुढच्या पोळ्यानंतर’ असे लिहिले. त्या आल्या, आणि मुख स्वच्छ होते. सोबत जाऊही होती. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून सोनोग्राफीचा कागद आणि बिलाची पावती काढून माझ्यापुढे ठेवली. ऑपरेशन का केले, काय काढले, काढलेला भाग तपासला की नाही, यातले काहीच तिच्याकडे लिहिलेले नव्हते. गर्भाशयमुख शिल्लक आहे की नाही, हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी तिलाही आत बोलावले.