पहिल्या कन्फेशनला (फादरपुढे पापांची कबुली द्यायला) जाताना

बेटा, फादरना स्वतःचं सांग, दुसऱ्याचं नको. मी पहिल्यांदा जावेचीच पापं सांगत बसले. फादर शांतपणे म्हणाले, "आता तुमचं सांगा." घाबरू नकोस, ऐकलेलं ते कुणालाच सांगू शकत नाहीत, फोडलं तर चर्च त्यांनाच बहिष्कृत करतं.

कुणाचे पैसे बुडवले असतील तर परत कर, नुसत्या प्रार्थनेवर भागत नाही. बायबलमधलं मत्तय 5:24 वाच : अर्पण वेदीपाशी ठेव, आधी समेट कर. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर मी नागपुरातल्या सदर भागातून थेट गोकुळपेठेत जावेकडे गेले, संत्र्यांची पिशवी घेऊन. तिने दार अर्धंच उघडलं, पिशवी घेतली, आत ये म्हणाली नाही. (संत्री मात्र गोड निघाली म्हणे.) महिन्याभराने परत गेले. तेव्हा पाणी मिळालं.