टेस्टिंग करू की सिम्युलेशन?

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मटेरियल टेस्टिंगची लॅब मला मनापासून आवडते, पुढे संशोधनच करायचं आहे. पण सीनिअर म्हणतात, टेस्टिंग हे टेक्निशियनचं काम; आता कॉम्प्युटरवर सगळं कळतं, नमुने तोडत कोण बसणार? बाबा म्हणतात, गणित इतकं चांगलं आहे तर सरळ आयटीत जा. मी कशाची निवड करू?

उत्तर : सिम्युलेशन, म्हणजे वस्तूचं कॉम्प्युटरवर मॉडेल करून ती कशी वागेल हे गणिताने काढणं, येणाऱ्यांना मागणी आहे, एवढं तुझ्या सीनिअरांचं बरोबर. पण कॉम्प्युटरवर सगळं कळतं, हे मला मुळीच मान्य नाही. १९९१ साली नॉर्वेत स्लाइपनर ए या समुद्री प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा प्रचंड पाया पाण्यात उतरवून तपासत होते. आतल्या एका कप्प्याची भिंत फुटली आणि सगळा पाया तळाला गेला. चौकशीत कळलं, की फायनाइट एलिमेंट मॉडेलमध्ये, म्हणजे रचनेचे छोटे छोटे तुकडे पाडून गणित करणाऱ्या मॉडेलमध्ये, कप्पे जिथे एकमेकांना जोडले जातात नेमकी तिथली मेश (तुकड्यांची जाळी) धड नव्हती. त्यामुळे तिथला शिअर स्ट्रेस (भिंत कापू पाहणारा आतला ताण) ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला आणि सळया कमी पडल्या. पुढचा भाग तू लक्षात ठेवावास असा आहे. नंतर तेच गणित नीट मेश घेऊन केलं, तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती साधारण ६५ मीटरवर फुटली होती. म्हणजे पद्धतीत खोट नव्हती. आलेल्या उत्तरावर कुणी पुरेसा संशय घेतला नव्हता.

आणि टेस्ट तरी नेहमी खरं बोलते का? कॉमेट हे सुरुवातीचं जेट प्रवासी विमान. १९५४ मध्ये लागोपाठ दोन कॉमेट हवेत फुटली. खरं तर या विमानाच्या सांगाड्याची फटीग टेस्ट, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण देऊन टिकाव बघण्याची चाचणी, आधी झालेली होती आणि ती उत्तम पार पडली होती. पण टेस्टच्या नमुन्यावर आधीच नेहमीच्या दुप्पट दाब देऊन झाला होता. त्या जादा दाबाने खिडक्यांच्या कोपऱ्यांपाशी धातू किंचित कायमचा ताणला गेला, आणि त्यामुळे नमुन्याचं आयुष्य उलट वाढलं. रोज उडणाऱ्या विमानांना तो फायदा मिळालेला नव्हता. पुढे फार्नबरोला एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून पुन्हा पुन्हा दाब दिला, तेव्हा आधीची उड्डाणं धरून सुमारे ३,००० फेऱ्यांतच ते फाटलं.

म्हणून माझं सांगणं असं, की तू या दोहोंतून एक निवडूच नकोस. मॉडेल कुठे फसवतं आणि मशीन कुठे फसवतं, हे दोन्ही ओळखणारा माणूस या क्षेत्रात दुर्मीळ आहे. लॅबची ओढ आणि चांगलं गणित एकाच व्यक्तीत असणं हीच त्याची सुरुवात.

हे तुला कॉलेजच्या यूटीएमवरच, म्हणजे नमुने ओढून तोडणाऱ्या मशीनवरच, पडताळता येईल. स्टीलचा नमुना लाव आणि क्रॉसहेड (मशीनचा सरकणारा आडवा भाग) किती सरकला त्यावरून यंग्ज मॉड्युलस, म्हणजे स्टीलच्या ताठपणाचा आकडा, काढ. पुस्तकात साधारण २०० गिगापास्कल असतो. तुझा बरेचदा त्याच्या निम्म्याहूनही कमी येईल. स्टील खराब नसतं. मशीनची फ्रेम थोडी ताणली जाते, ग्रिपमध्ये नमुना किंचित घसरतो, आणि ते सगळं तू नमुन्याच्या नावावर टाकलेलं असतं. आता लांबीतला बारीक बदल मोजणारा एक्स्टेन्सोमीटर थेट नमुन्यावर बसवून पुन्हा मोज. या दोन आकड्यांमधला फरक कशाकशामुळे आला, हे ज्याला सांगता येतं त्याला टेक्निशियनचं काम म्हणून कुणी हिणवू नये. आणि खरं सांगायचं तर ही गोष्ट लॅबमधल्या अनुभवी टेक्निशियनला अनेक पदवीधरांपेक्षा जास्त कळते. त्यांच्याजवळ बसून शीक.

पुढच्या सुट्टीत एक छोटं काम कर. मधोमध लहान भोक असलेली रुंद पट्टी घे. थिअरी सांगते, की पट्टी ओढली तर भोकाच्या कडेला स्ट्रेस सरासरीच्या तिप्पट होतो. आधी हे हाताने कागदावर मांड. मग मॉडेल कर आणि मेश बारीक करत जा. आकडा तीनच्या आसपास स्थिरावला पाहिजे. मग भोकाच्या जागी टोकदार आतला कोपरा काढून बघ. तिथे मेश जितकी बारीक, तितका स्ट्रेस वाढतच जाईल आणि कधीच थांबणार नाही. स्क्रीनवर त्या कोपऱ्यात दिसणारा जास्त स्ट्रेसचा लाल ठिपका निव्वळ गणिताची करामत असते. शेवटी खऱ्या पट्टीवर कडेजवळ स्ट्रेन गेज (पट्टी किती ताणली गेली ते मोजणारी छोटी चकती) चिकटव. तो थोडं कमी दाखवेल, कारण गेज स्वतःच्या लांबीवरची सरासरी मोजतो आणि कमाल मूल्य अगदी कडेलाच असतं. तिन्ही आकडे आणि त्यांतल्या फरकाची कारणं दोन पानांत लिही. संशोधनासाठी अर्ज करताना ही दोन पानं सॉफ्टवेअरच्या चार सर्टिफिकेटांपेक्षा जास्त बोलतील.

कामाच्या संधी म्हणशील तर वाहनांची क्रॅश आणि टिकाऊपणाची चाचणी, विमानं, पवनचक्कीची पाती, पूल, बॅटरी, सर्किट बोर्डवरचे सोल्डर जोड, असं बरंच आहे. मला स्वतःला वैद्यकीय उपकरणांचं काम सर्वांत मोलाचं वाटतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटला दहा वर्षांच्या ठोक्यांइतकी, म्हणजे सुमारे ४० कोटी आवर्तनं सोसावी लागतात. टेस्ट वेगाने चालवली तरी महिने जातात. तेव्हा कोणता आकार आणि कोणती अवस्था टेस्टला लावायची हे मॉडेलवर ठरतं, आणि मॉडेलवर विश्वास ठेवायचा की नाही हे टेस्टवर.

बाबांना सांग, की गणित वाया जाणार नाही. लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि प्रोग्रॅमिंग इथे रोज लागतं. स्टॅटिस्टिक्सही तितकंच लागतं, आणि मेकॅनिकलची मुलं नेमकं तेच टाळतात. एकाच सळईतून कापलेल्या दोन नमुन्यांचं फटीग आयुष्य कितीतरी पटींनी वेगळं निघू शकतं, मग एका टेस्टवरून काय सिद्ध होणार? त्यांची खरी काळजी पैशांची असेल तर तीही रास्त आहे. पीएचडीत चार-पाच वर्षं सहज जातात आणि त्या काळात आयटीतल्या मैत्रिणी पुढे गेलेल्या दिसतील. ते तुला चालणार आहे का, हे घरात मोकळेपणाने बोला. तूर्त चालणार नसेल तर मास्टर्स करून एखाद्या कंपनीच्या टेस्ट किंवा अ‍ॅनालिसिस विभागात दोन-तीन वर्षं काम कर आणि मग ठरव. उशिरा पीएचडीला येणारे खरे प्रश्न सोबत घेऊन येतात.

गाइड निवडताना नुसते पेपर मोजू नकोस. त्यांच्या विद्यार्थ्यांना भेट आणि विचार, मशीन तुम्ही स्वतः चालवता का, आणि मॉडेलचं उत्तर टेस्टशी जुळलं नाही तर सर काय करतात? ‘पॅरामीटर बदलून जुळवून घेतो’ असं उत्तर मिळालं, तर दुसरा गाइड शोध.