वाचकांचे प्रश्न: पाच दिवस, सहा माणसं आणि कोळशाचं इंजिन

नमस्कार ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. सासू-सासरे भारतातून उन्हाळ्यापुरते आलेत, मुलं ४ आणि ११ वर्षांची. जुलैमध्ये बुधवार ते रविवार पेनसिल्व्हेनियाला जायचं ठरलंय आणि माझी लिस्ट अशी आहे: हर्शीपार्क, डच वंडरलँड, नोबेल्स, सेसमी प्लेस, स्ट्रासबर्गची वाफेची ट्रेन, स्क्रॅन्टनचं स्टीमटाउन. सासूबाईंचे गुडघे दुखतात. नवरा म्हणतो हे जमणार नाही, मला वाटतं एवढे लांब जातोय तर सगळं बघूनच यावं. तुम्ही सांगा.

नमस्कार. मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने आहे, पण तुमचं मनही मला कळतं, कारण मीसुद्धा एका वर्षी असाच प्लॅन केला होता, चार दिवसांत तीन पार्क, आणि तिसऱ्या पार्कच्या गेटवर माझी मुलगी स्ट्रोलरमध्ये झोपली ती दुपारी तीनला उठली, आणि आई बाकावर पर्स मांडीवर घेऊन नुसती बसून होती. तो दिवस अजून आठवला की वाईट वाटतं. म्हणून आधी काय गाळायचं ते सांगते.

स्टीमटाउन गाळा. ते ईशान्येकडे स्क्रॅन्टनला आहे, तुमची बरीचशी लिस्ट लँकेस्टर-हर्शीच्या बाजूला. जुन्या वाफेच्या इंजिनांची ती जागा सुंदर आहे, राउंडहाउस म्हणजे इंजिनांची गोल शेड आहे, इंजिन फिरवायचं टर्नटेबल आहे, युनियन पॅसिफिक रेल्वेचं ते राक्षसी बिग बॉय इंजिन ४०१२ नंबरचं तिथे उभं आहे, पण ते न्यू जर्सीतून वेगळ्या वीकेंडला होऊ शकतं. सेसमी प्लेस फिलाडेल्फियाच्या बाजूला लँगहॉर्नला आहे, तेही तुम्हाला घरून एका दिवसात जमेल, आणि ११ वर्षांच्या मुलाला तिथे कंटाळा येईल. नोबेल्सबद्दल मला खरंच जीव तुटतो कारण ते माझं अत्यंत आवडतं पार्क आहे, १९२६ पासून चालू, आत शिरायला तिकीट नाही, पार्किंगचे पैसे नाहीत, ज्या राइडवर बसाल तिचेच पैसे द्यायचे, म्हणजे आजी-आजोबांसाठी दिवसभराचं तिकीट काढून ते नुसते बाकावर बसलेत असं होत नाही, शिवाय घरचा डबा आत नेता येतो. पण ते एलिसबर्गला आहे, लँकेस्टरहून पावणेदोन-दोन तास, परत तेवढेच. ह्या खेपेला नको. आजी-आजोबा पुढच्या वर्षी आले तर फक्त नोबेल्सला जा.

आता राहिलं हर्शीपार्क, डच वंडरलँड आणि स्ट्रासबर्ग. मुक्काम लँकेस्टरच्या आसपास एकाच ठिकाणी करा, चारही रात्री. हॉटेल बदलायचं म्हणजे रोज सकाळी बॅगा, औषधं, चार्जर, धाकट्याचं पांघरूण सगळं गोळा करा, त्यात अर्धा दिवस जातो. लँकेस्टरहून हर्शी साधारण पाऊण तास, डच वंडरलँड आणि स्ट्रासबर्ग तर अगदी हाताशी.

बुधवारी सकाळी निघा, दुपारी पोचा आणि काही करू नका. फार तर स्ट्रासबर्गमधलं चूचू बार्न, मॉडेल ट्रेनचा मोठा देखावा आहे, एसीमध्ये, तासाभराचं काम.

गुरुवारी हर्शीपार्क, कारण शनिवारी तिथे मुंगीला शिरायला जागा नसते. मिल्टन हर्शीने आपल्या चॉकलेट फॅक्टरीच्या कामगारांसाठी १९०६ मध्ये हे पार्क सुरू केलं म्हणून उंचीचे गटसुद्धा चॉकलेट-गोळ्यांच्या नावाचे आहेत. ३६ इंचांखालचे मिनिएचर्स, ३६ ते ४२ किसेस, ४२ ते ४८ रीसेस, ४८ ते ५४ हर्शीज, ५४ ते ६० ट्विझलर्स आणि त्यावर जॉली रँचर. तुम्ही घरीच दोघांना भिंतीला उभं करून पेन्सिलने खूण करा आणि कोणाला कुठल्या राइड मिळतात ते आदल्या रात्री त्यांच्यासोबत बसून बघा, हे मी फार आग्रहाने सांगतेय. अर्धा तास लाइनमध्ये उभं राहून पट्टीपाशी इंचभर कमी पडलेलं मूल जे रडतं ना, ते बघवत नाही, आणि तिथला माणूस नियम मोडणार नाही, मोडूही नये.

मोठ्याला घेऊन एकाने कोस्टरला जायचं, दुसऱ्याने धाकट्याला कॅरोसेलवर न्यायचं, ते १९१९ चं आहे आणि घोडे खरंच बघण्यासारखे आहेत. पार्काच्या आत ड्राय गल्च नावाची छोटी ट्रेनपण आहे, तिच्यात सगळे सहाजण बसू शकता. सासू-सासऱ्यांसाठी माझं मत असं की त्यांना दिवसभर आत ठेवू नका. पार्कच्या बाहेरच चॉकलेट वर्ल्ड आहे, तिथे जायला पार्कचं तिकीट लागत नाही, गाडीत बसून चॉकलेट कसं बनतं ते दाखवणारी राइड फुकट आहे, थंडगार आहे. मिस्टरांनी त्यांना घेऊन दुपारी दोनला हॉटेलवर परतायचं, तुम्ही मुलांबरोबर थांबायचं, किंवा उलट, पण ते आधी ठरवून. आयत्या वेळी ठरवलं की कोणीतरी मन मारून थांबतं. आणि जुलैत दुपारनंतर तिकडे गडगडाटी पाऊस येतो, विजा दिसल्या की कोस्टर बंद करतात, त्यामुळे मोठ्याच्या आवडीच्या दोन राइड सकाळी गेट उघडल्या उघडल्या करून टाका.

शुक्रवार ट्रेनचा. ह्या दिवसाला दुसरं काहीही जोडू नका.

स्ट्रासबर्ग रेल रोडची सनद १८३२ ची आहे. स्ट्रासबर्ग ते पॅराडाइज, एका बाजूने साडेचार मैल, जाऊन-येऊन पाऊण तास. ऐकायला किरकोळ वाटतं पण इंजिन खरं कोळशाचं, शेतांमधून जाते, शेजारी आमिश (जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) शेतकरी घोडे नाहीतर खेचरं जुंपून काम करताना दिसतात. (त्यांच्या तोंडावर कॅमेरा धरू नका, त्यांना ते आवडत नाही, मुलांना आधी सांगून ठेवा.) सकाळची पहिली किंवा दुसरी गाडी धरा. खिडक्या उघडणारा साधा डबा घ्या, आणि उघड्या डब्यात बसणार असाल तर पांढरे कपडे नकोत, कोळशाचे बारीक कण येतात, डोळ्यांना चष्मा असेल तर बरं.

पलीकडच्या टोकाला गाडी थांबली की सगळे मोबाइलमध्ये बघायला लागतात, तुम्ही तेव्हा खिडकीशी या. इंजिन डब्यांपासून सोडतात, ते शेजारच्या रुळावरून तुमच्या खिडकीजवळून एकटंच मागे जातं आणि दुसऱ्या टोकाला जोडलं जातं. त्या वेळी ते इतकं जवळून जातं की गरम तेलाचा वास येतो आणि चाकांना जोडलेले दांडे वरखाली होताना नीट दिसतात. आम्ही बाबांना नेलं तेव्हा ते इतका वेळ गप्प होते, इंजिन शेजारून गेलं तसे उठून उभे राहिले आणि खिशातून रुमाल काढून गळ्याला गुंडाळला, लहानपणी गाडीत बसलं की त्यांची आई असाच रुमाल गुंडाळायची म्हणाले, कॉलरमध्ये कोळसा जाऊ नये म्हणून. मग पुढचा सगळा परतीचा रस्ता ते बोलत होते आणि माझी मुलगी तोंडाचा आ करून ऐकत होती. तुमच्या सासऱ्यांचं वय बघता त्यांनी वाफेच्या गाड्यांनी भरपूर प्रवास केला असणार, आपल्याकडे मेन लाइनवरून ही इंजिनं १९९० च्या दशकात गेली. त्यांना सांगा की स्ट्रासबर्गचं ४७५ नंबरचं इंजिन १९०६ चं आणि ९० नंबरचं १९२४ चं, दोन्ही बाल्डविन कंपनीची, आणि आपल्याकडची ती टोकदार नाकाची डब्ल्यूपी इंजिनं होती ना, त्यातली पहिली सोळासुद्धा १९४७ मध्ये ह्याच बाल्डविनने करून पाठवली होती. मग बघा ते नातवाला काय काय सांगतात.

वाटेत ग्रॉफ्स ग्रोव्ह नावाची झाडांची जागा आहे, तिथे उतरून डबा खायचा आणि नंतरच्या गाडीने परत यायचं अशी सोय असते, तिकीट घेतानाच त्या दिवशी गाडी तिथे थांबणार का ते विचारा. सासूबाईंना डब्याच्या पायऱ्या चढायला त्रास होईल तर स्टेशनवर आधी सांगा, मदत करतात. परत आल्यावर रस्ता ओलांडला की पेनसिल्व्हेनियाचं रेल्वे म्युझियम, मोठ्या शेडखाली इंजिनांच्या रांगा, बाकही आहेत. धाकटा कार्टूनमधल्या थॉमस इंजिनाचा भक्त असेल तर ठरावीक वीकेंडला स्ट्रासबर्ग रेल रोडवर थॉमस येतो, तेव्हा गर्दी फार, तिकिटं वेगळी, म्हणून तारीख बघूनच बुक करा.

शनिवारी सकाळी डच वंडरलँड, १९६३ चं, लहान मुलांचंच पार्क, तुमच्या चार वर्षांच्याचा दिवस. मोठ्याला आधीच सांगा की गुरुवार तुझा होता, आज ह्याचा. दुपारी परत, संध्याकाळी शेतांमधून गाडीने चक्कर, मका नाहीतर पाय (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) वगैरे घ्यायचं असेल तर आजच घ्या कारण रविवारी आमिश लोकांची दुकानं, स्टॉल बंद असतात. रविवारी निवांत उठून घरी.

ताई, माझी मुलगी ५ वर्षांची आहे. गेल्या वर्षी एका वाफेच्या ट्रेनला नेलं तर शिट्टी ऐकून इतकी घाबरली की चढलीच नाही. ह्या वर्षी परत न्यावं का? घरचे म्हणतात सवय होईल.

न्या, पण सवय होईल म्हणून जबरदस्तीने नको. लहान मुलं शिट्टीला घाबरतात असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक वेळा ती घाबरतात अचानकपणाला. इंजिनचे तीन आवाज असतात ते तिला आधी सांगा. एक शिट्टी. अमेरिकेत रस्ता ओलांडताना ती ठरलेली असते, दोन लांब, एक छोटी, एक लांब. घरी तोंडाने वाजवून दाखवा, आठ दिवसांत ती स्वतः वाजवेल. दुसरा, गाडी सुटताना खालून बाजूला फस्स करून वाफ सोडतात, सिलिंडरमध्ये साठलेलं पाणी काढायला. हा आवाज मुलाच्या उंचीला येतो म्हणून त्याला जास्त लागतो. तिसरा सेफ्टी व्हॉल्व्हचा, बॉयलरमध्ये प्रेशर जास्त झालं की एकदम उडतो, आपल्या कुकरसारखंच पण शंभर पट मोठा, आणि तो कधी उडेल ते सांगता येत नाही. कुकरची उपमा मुलांना लगेच कळते.

प्लॅटफॉर्मवर इंजिनपाशी फोटोला उभं करू नका, लांबून चालत चालत जवळ या आणि ती थांबली की तुम्हीही थांबा. कानावर लावायचे मुलांचे इअरमफ मिळतात ते न्या. आणि डबा मधला निवडा. सगळेजण शेवटचा डबा घ्या म्हणतात, पण बऱ्याच ठिकाणी इंजिन परतताना दुसऱ्या टोकाला लागतं, म्हणजे जाताना जो शेवटचा तो येताना पहिला! नाहीच चढली तर कुंपणाबाहेरून गाडी जाताना बघा, हात हलवा. ड्रायव्हर हात हलवतोच. तेवढं पुरे ह्या वर्षी.

नवऱ्याला ईस्ट ब्रॉड टॉप नावाच्या जुन्या रेल्वेला जायचंय. आम्ही पिट्सबर्गला राहतो, मुलं ८ आणि १०. आसपास पार्क नसेल तर मुलं ऐकणार नाहीत. एवढ्या लांब जाण्यासारखं आहे का?

आहे, आणि तुमची मुलं अगदी बरोबर वयाची आहेत. ही तीन फुटी नॅरोगेज लाइन कोळसा वाहायची, १९५६ मध्ये बंद पडली, मग टुरिस्ट गाडी म्हणून १९६० पासून चालली, २०११ नंतर पुन्हा बंद, आणि २०२० मध्ये एका ना-नफा संस्थेने घेतली. १६ नंबरचं इंजिन १९१६ चं, ते २०२३ मध्ये परत वाफेवर धावायला लागलं. म्हणजे कितीतरी वर्षं शेडमध्ये थंड पडलेलं इंजिन लोकांनी मेहनत करून पुन्हा जिवंत केलंय, मला ह्याचं फार कौतुक वाटतं. मुलांना गाडीपेक्षा तिथलं जुनं वर्कशॉप आवडेल, एका शाफ्टवरून पट्टे फिरून सगळी मशिनं चालायची तशीच मांडणी अजून आहे, त्याची टूर मिळते का ते बघून वेळ धरा.

बुक करताना एक गोष्ट नीट वाचा, गाडी स्टीमची आहे की डिझेलची. तिथे दोन्ही चालतात, आणि नवऱ्याला डिझेल मिळालं तर सगळ्या घराचा दिवस जाईल. पार्कसाठी अल्टूनाजवळ टिप्टनला डेलग्रोसोज आहे, छोटं, घरगुती, वॉटर पार्कसकट, तिथून रेल्वेपर्यंत तासाभरापेक्षा थोडं जास्त धरा. एक दिवस पार्क, एक दिवस ट्रेन, मुक्काम अल्टूनाला. जाता-येता हॉर्सशू कर्व्हला थांबा, १८५४ मध्ये डोंगराला वळसा घालून काढलेलं वळण, आजही लांबलचक मालगाड्या तिथून जातात, एकाच वेळी गाडीचं तोंड आणि शेपूट समोरासमोर दिसतं. वर जायला फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढावरची छोटी गाडी आहे, ती बंद असली तर जवळपास दोनशे पायऱ्या चढाव्या लागतात, त्यामुळे पाण्याच्या बाटल्या गाडीत ठेवून येऊ नका.