भारतीय बनावटीची विदेशी कंपनी

प्रश्न असा आला आहे: "ज्या कंपन्यांची मालकी देशाबाहेरच्यांकडे आहे त्यांनी निवडणुकीत पैसा ओतण्यावर मर्यादा, या विषयावर मराठीत लिहितो आहे. विदेशी कंपनी, परदेशी कंपनी, परकीय कंपनी यांत काही फरक आहे की तिन्ही चालतील? आणि मी 'विदेशी स्त्रोत' लिहिलं होतं, ते एका मित्राने खोडलं. का?"

मित्राने बरोबर खोडलं. शब्द 'स्रोत' असा आहे, त्यात त नंतर येतो, आधी नाही. 'स्रु' म्हणजे वाहणे, त्यावरून स्रोत. 'स्त्री' आणि 'स्तोत्र' डोळ्यांत इतके बसलेले असतात की हात आपोआप स्त्र काढतो. 'सहस्र'चं 'सहस्त्र' होतं तेही असंच. पण माझी तक्रार जोडाक्षराची नाही, विभक्तीची आहे. परकीय देणग्यांच्या कायद्यात 'विदेशी स्रोत' म्हणजे पैसा देणारा, म्हणजे परदेशी सरकार, परदेशी नागरिक किंवा कंपनी. मराठी माणसाला मात्र स्रोत म्हटलं की पाणी दिसतं. म्हणून एकाच बातमीत वर 'विदेशी स्रोताकडून देणगी' असतं आणि खाली 'विदेशी स्रोतातून देणगी'. देणाऱ्याकडून घेतात, झऱ्यातून भरतात. कायद्याच्या अर्थाने लिहायचं तर 'कडून'च हवं.

आता मूळ प्रश्न. तिन्ही शब्द शब्दकोशात शेजारी बसतात, पण वापरात त्यांनी आपापली घरं वाटून घेतलेली आहेत. आपण कोणाबरोबर कोणता शब्द लावतो ते बघा. पाहुणे परदेशी. शिक्षण परदेशी, मुलगा परदेशी असतो. (आणि आडनावही परदेशी असतं: उत्तरेकडून येऊन महाराष्ट्रात राहिलेली ही माणसं, त्या काळी आपल्याला उत्तर हिंदुस्थानही परदेशच होता.) माल विदेशी: १९०५ साली पुण्यात होळी झाली ती विदेशी कापडाची, आणि दुकानात मिळते ती विदेशी दारू. पण चलन? परकीय चलन. गुंतवणूक? थेट परकीय गुंतवणूक. सत्ता, राजवट, आक्रमण? परकीय. म्हणजे माणूस परदेशी, माल विदेशी आणि पैसा व सत्ता परकीय. रेघ अगदी पक्की नाही, 'विदेशी पर्यटक'ही कोणी लिहितं, पण कल हा आहे.

'परदेश' आणि 'विदेश' यांत मराठीचा ओढा परदेशाकडे. आपला मुलगा परदेशात जातो, विदेशात गेला की त्याने वाटेत हिंदी बातम्या ऐकलेल्या असतात. दिल्लीतल्या विदेश मंत्र्यालाही आपण परराष्ट्रमंत्रीच म्हणतो. 'विदेशी' आपल्याकडे मुख्यतः 'स्वदेशी'ची जोडी म्हणून टिकला.

'परकीय'ची जोडी मात्र स्वदेशीशी नाही, 'स्वकीय'शी आहे. त्यात देश येतच नाही. परका, परक्याचा, परकं धन याच घराण्यातला तो. परदेशी आणि विदेशी 'कुठला?' याचं उत्तर देतात, परकीय 'कोणाचा?' याचं. तुमचा विषय मालकीचा आहे, तेव्हा तुम्हाला हा दुसरा प्रश्न हवा.

हा भेद मी उगाच ताणत नाही, यावर उच्च न्यायालयात वाद झाला आहे. सेसा गोवा ही खाणकंपनी घ्या. नावात गोवा आणि मागे 'सेसा', जो कोकणीही नाही आणि पोर्तुगीजही नाही. 'स्काम्बी इकॉनॉमिची सोसिएता अनोनिमा' या इटालियन नावाची ती आद्याक्षरं, 'स्काम्बी इकॉनॉमिची' म्हणजे आर्थिक देवघेवी. १९५४ साली, गोवा पोर्तुगीजांकडे असताना ती निघाली. पुढे तिचे ५१ टक्के भाग जपानच्या मित्सुईकडे होते, २००७ मध्ये ते वेदांता या खाणउद्योगातल्या गटाने घेतले. वेदांताची मूळ कंपनी लंडनची, पण तिचे निम्म्याहून अधिक भाग तेव्हा अनिल अग्रवाल या भारतीय नागरिकाकडे होते.

सेसा आणि स्टरलाइट या वेदांता गटातल्या कंपन्यांनी काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांना देणग्या दिल्या होत्या. त्या घेणं कायद्यात बसतं का? पक्षांचं म्हणणं असं की लंडनच्या कंपनीचा बहुसंख्य मालक भारतीय, मग पैसा विदेशी कसा? २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ते मानलं नाही. कंपनी इंग्लंडात नोंदलेली, म्हणजे विदेशी, आणि तिच्या ताब्यातल्या इथल्या कंपन्याही विदेशी स्रोत. आता हे आपल्या शब्दांत मांडून बघा: सेसा नोंदणीने देशी आणि मालकीने परकीय, तिची मालकीण नोंदणीने विदेशी आणि मालकीने, पक्षांच्या मते, स्वकीय. चारही खण एकाच 'विदेशी कंपनी'त कोंबले तर वाचकाला भांडण कशाचं तेच कळणार नाही.

पुढची गंमत तर निव्वळ व्याख्येची आहे. परकीय देणग्यांच्या २०१० च्या कायद्यात निम्म्याहून अधिक भागभांडवल परकीय असेल तर कंपनी विदेशी स्रोत. २०१६ च्या वित्त कायद्याने त्याला शेपूट जोडलं: परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली त्या क्षेत्रात जेवढी परकीय गुंतवणूक चालते तेवढ्या मर्यादेत असेल, तर निम्म्याच्या वर गेली तरी कंपनी विदेशी स्रोत नाही. अनेक क्षेत्रांत ती मर्यादा १०० टक्के आहे. हा बदल २०१० पासून लागू केला. पण निकालातल्या देणग्या त्याआधीच्या, १९७६ च्या जुन्या कायद्यातल्या होत्या. म्हणून २०१८ च्या वित्त कायद्याने तारीख आणखी मागे नेली, ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत. बेचाळीस वर्षं मागे जाऊन शब्दाचा अर्थ बदलणं आम्हा कोशवाल्यांनाही जमलेलं नाही.

उत्पादनशुल्क खात्याकडे 'भारतीय बनावटीची विदेशी दारू' असा एक अजरामर शब्दप्रयोग आहे. तिथे बाटली इथली, मळी इथली, तरी चिठ्ठी विदेशी. देणग्यांच्या कायद्यात नेमकं उलट झालं: बाटलीत काहीही असो, चिठ्ठी काढून टाकली.

आणखी दोन शब्द जपून वापरा. मजकुरात तुम्ही 'परकीय भागीदारी' म्हणणार असाल तर नको. भागीदारी म्हणजे दोघातिघांनी मिळून काढलेली पेढी, तिचा कायदा वेगळा. कंपनीत भागधारक असतात, भागभांडवल असतं. दुसरा शब्द 'निवडणूक खर्च'. आपल्याकडे निवडणूक खर्च करतो तो उमेदवार, लोकसभेला मोठ्या राज्यांत ९५ लाखांच्या आत, निदान कागदावर. कंपनी खर्च करत नाही, देणगी देते. अमेरिकेत मात्र तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर कंपनी उमेदवाराशी संगनमत न करता स्वतःच जाहिरातींवर हवा तेवढा पैसा घालू शकते, म्हणून तिथल्या संदर्भात 'खर्च' योग्य. तिथे देशाबाहेरच्यांना मनाई आहेच, पण अमेरिकेत नोंदलेली कंपनी अमेरिकी धरली जाते. सिॲटल शहराने २०२० मध्ये ही फट बुजवली: एकाच परकीय भागधारकाकडे १ टक्का किंवा सगळ्या परकीयांकडे मिळून ५ टक्के भाग असले की कंपनीने शहराच्या निवडणुकीत पैसा घालायचा नाही. इथे 'परकीय मालकी' लिहिलंत तर चूक. एक टक्क्याला मालकी कोण म्हणेल? तो प्रभाव. 'परकीय प्रभावाखालची कंपनी' जरा लांबतं, पण अर्थाला धरून आहे.

तेव्हा कायदा उद्धृत करताना 'विदेशी स्रोत' जसंच्या तसं ठेवा, बाहेर नोंदलेली ती 'परदेशी कंपनी', इथे नोंदलेली पण भाग बाहेरच्यांकडे असलेली ती 'परकीय मालकीची कंपनी'. तुमचं पहिलं वाक्य मी असं करीन: "परकीय मालकीच्या भारतीय कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या द्याव्यात का?" यात 'परकीय' आणि 'भारतीय' एकाच ओळीत आल्यामुळे वाचक क्षणभर अडखळेल. त्याला अडखळू द्या.